क्रीडास्पर्धा आणि तेलाचे दर: मागणी नेमकी कुठे वाढते, कुठे घटते आणि आकड्यांत कधी दिसते

प्रश्न असा आहे: ऑलिम्पिक किंवा फुटबॉल विश्वचषकासारख्या स्पर्धेमुळे तेलाची मागणी वाढते का, आणि त्यामुळे दर चढतात का?

कच्च्या तेलाचा जागतिक दर अशा स्पर्धेमुळे हललेला वेगळा काढून दाखवता येत नाही. मात्र एखाद्या ठरावीक इंधनात, ठरावीक शहरात किंवा प्रदेशात, ठरावीक आठवड्यांत परिणाम होतो आणि तो मोजताही येतो. बऱ्याचदा त्याची दिशा लोकांच्या अपेक्षेच्या उलट असते, म्हणजे मागणी घटते. आणि तो प्रेक्षकांमुळे कमी, यजमान सरकारच्या हुकमांमुळे आणि स्पर्धेआधी भरून ठेवलेल्या टाक्यांमुळे जास्त होतो.

आधी साधा हिशेब मांडू. समजा परदेशांतून १० लाख प्रेक्षक विमानाने आले आणि प्रत्येकाने सरासरी एका बाजूने ६,००० किलोमीटर प्रवास केला. प्रवासी विमानाला दर प्रवाशामागे १०० किलोमीटरला ३ ते ४ लिटर इंधन लागते. साडेतीन धरले तर जाऊन-येऊन १२,००० किलोमीटरला ४२० लिटर. एक पिंप १५९ लिटरचे, म्हणजे माणशी २.६४ पिंपे. दहा लाख प्रेक्षकांचे झाले सुमारे २६ लाख पिंपे. सर्वांत मोठ्या वर्गातले तेलवाहू जहाज साधारण २० लाख पिंपे नेते. म्हणजे महिनाभराच्या विश्वचषकाची सगळी विमानयात्रा सव्वा जहाजात आटोपली. तीस दिवसांवर पसरली तर दिवसाला ८८,००० पिंपे. जगाची मागणी दिवसाला दहा कोटींच्या वर आहे, त्यात हे ०.०९ टक्क्यांच्याही आत बसते. मागणीचे अंदाज बांधणाऱ्या संस्था मागच्या महिन्यांचे आकडे दुरुस्त करतात तेव्हाची दुरुस्तीच अनेकदा याच्या कित्येक पट असते.

हा ढोबळ आकडा झाला. निव्वळ वाढ काढायची तर विचारावे लागते: हे लोक स्पर्धा नसती तर काय करत होते? बहुतेक मोठ्या स्पर्धा उत्तर गोलार्धाच्या उन्हाळी सुट्टीत येतात. ज्याने सामना बघायला तिकीट काढले, त्यातल्या बऱ्याच जणांनी तसेही कुठेतरी उड्डाण केलेच असते. निम्मे वजा केले (ही माझी धारणा, प्रत्येकाने आपली घालावी) तर दिवसाला ४४,००० पिंपे उरतात.

आता दर. अल्पकाळात तेलाची मागणी आणि पुरवठा दोन्ही दराला फारसे हलत नाहीत. दोघांची मिळून लवचिकता (दर १ टक्का बदलला की प्रमाण किती टक्के बदलते ते) ०.१ धरली तर मागणीतल्या अनपेक्षित ०.०४ टक्के वाढीने दर ०.४ टक्के चढायला हवा. ८० डॉलरच्या पिंपावर ३०-३५ सेंट. ब्रेंट या जागतिक मापदंड मानल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) एखाद्या साध्या दिवशी १ ते २ टक्के वर-खाली होतो. शिवाय ‘अनपेक्षित’ हा शब्द महत्त्वाचा. स्पर्धेच्या तारखा कित्येक वर्षे आधी ठरतात, विमान कंपन्या वेळापत्रक महिने आधी लावतात, शुद्धीकरण कारखाने त्यानुसार उत्पादन आखतात. ज्याची तारीख सगळ्यांना ठाऊक आहे त्याच्यावर बाजार दचकत नाही. हे ३० सेंट म्हणजे वरची मर्यादा, प्रत्यक्ष परिणाम शून्याच्या जवळ.

स्टेडियमच्या जनरेटरची चर्चा फार होते, म्हणून तेही मोजू. ६४ सामने, प्रत्येकी १० तास, ८ मेगावॉट भार पूर्णपणे डिझेलवर, असे अगदी सढळ हाताने धरले तरी ५१ लाख युनिट वीज लागते. युनिटमागे पाव लिटरहून थोडे जास्त डिझेल धरले तर सुमारे १४ लाख लिटर, म्हणजे ८,७०० पिंपे. संपूर्ण स्पर्धेचे! दिवसाचे नव्हे. यातही बहुतेक ठिकाणी जनरेटर प्रक्षेपणासाठी आणि आणीबाणीसाठी राखीव असतात, मुख्य भार ग्रिडवरच असतो.

फॉर्म्युला वनमध्ये हे प्रमाण आणखी मजेशीर दिसते. २०१९ ते २०२५ या काळातल्या नियमाप्रमाणे एका गाडीला शर्यतीसाठी जास्तीत जास्त ११० किलो इंधन वापरता येत असे. वीस गाड्यांचे २,२०० किलो, म्हणजे अंदाजे २,९०० लिटर, सुमारे १८ पिंपे. २४ शर्यतींच्या हंगामात मुख्य शर्यतींचे सगळे इंधन साडेचारशे पिंपांच्या आत. बोइंग ७४७-४०० जातीच्या एका विमानाच्या टाक्यांत याच्या तिप्पट मावते. या खेळाने २०१८ सालाचा स्वतःचा कार्बन हिशेब प्रसिद्ध केला तेव्हा गाड्यांच्या इंजिनांचा वाटा ०.७ टक्के निघाला, मालवाहतुकीचा ४५ टक्के. पडद्यावर जे जळताना दिसते ते नगण्य असते. खरे इंधन जाते ते सामान आणि माणसे हलवण्यात.

मग दर आणि स्पर्धा यांचा संबंध लोकांना दिसतो तरी कुठून? तारखा शेजारी ठेवल्याने. काही उदाहरणे बघण्यासारखी आहेत, कारण प्रत्येकात खरे कारण वेगळे आहे.

२०१४ चा ब्राझीलमधला विश्वचषक १२ जून ते १३ जुलै. ब्रेंटचा त्या वर्षीचा उच्चांक, ११५ डॉलरच्या वर, १९ जूनला लागला, अगदी स्पर्धेच्या मध्ये. पण १० जूनला इराकमधले मोसुल आयसिसच्या हाती गेले होते आणि बाजाराला दक्षिण इराकच्या निर्यातीची धास्ती होती. ती निर्यात थांबली नाही. पुढे अमेरिकेतल्या शेल तेलाचा पूर आणि नोव्हेंबरात कपात न करण्याचा ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचा निर्णय यांनी वर्षअखेरीस दर ६० च्या खाली आणला. खुद्द ब्राझीलमध्ये यजमान शहरांत सामन्यांच्या दिवशी सुट्ट्या दिल्या गेल्या आणि जूनमध्ये औद्योगिक उत्पादन घसरले. कारखाने आणि ट्रक थांबले की डिझेल कमी लागते. म्हणजे त्या देशाच्या डिझेलपुरता परिणाम बहुधा उणेच.

२०१८ मध्ये रशिया. १४ जूनचा उद्घाटनाचा सामना रशिया विरुद्ध सौदी अरेबिया, निकाल ५-०. मैदानावर जे झाले ते झाले, प्रेक्षकगृहात पुतिन आणि सौदी युवराज एकत्र होते आणि आठवड्याभराने, २२ जूनला, व्हिएन्नात ओपेकने उत्पादन वाढवण्याचे ठरवले. त्याच स्पर्धेत ११ जुलैला, इंग्लंड-क्रोएशिया उपांत्य सामन्याच्या दिवशी, ब्रेंट एका दिवसात सुमारे ७ टक्के पडले. कारण लिबियाची पूर्वेकडची बंदरे पुन्हा उघडणार ही बातमी, जोडीला अमेरिका-चीन आयातशुल्काचा तणाव. उपांत्य सामना आणि ती घसरण एका आलेखावर काढली तर संबंध असल्यासारखाच दिसेल.

कतार २०२२ मध्ये तर स्पर्धा तेलवायूच्या प्रदेशातच होती. १४ लाखांहून जास्त पाहुणे आले, शेजारच्या देशांतून रोज फेऱ्या मारणारी विमाने होती. तरी २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर या काळात ब्रेंट ८७-८८ डॉलरवरून ७९ पर्यंत उतरले, मध्ये त्याहीपेक्षा खाली जाऊन आले. चीनमधली कोविडची टाळेबंदी आणि ५ डिसेंबरपासून रशियन तेलावर लागलेली ६० डॉलरची दरमर्यादा हे त्या महिन्याचे विषय होते.

बीजिंग २००८ चे ऑलिम्पिक मात्र वेगळे प्रकरण. स्पर्धेचा ठसा तेलाच्या आकडेवारीत खरोखर उमटला त्याचे हे सर्वांत चांगले उदाहरण, आणि सर्वाधिक चुकीचे वाचले गेलेलेही हेच.

अमेरिकी कच्च्या तेलाने ११ जुलै २००८ ला १४७ डॉलरचा उच्चांक गाठला. खेळ सुरू झाले ८ ऑगस्टला. त्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला चीनची डिझेल आणि पेट्रोलची आयात नेहमीपेक्षा खूप वाढली होती. सिनोपेक आणि पेट्रोचायना या सरकारी कंपन्या जागतिक बाजारातून तयार इंधन उचलत होत्या. कारणे तीन, आणि ती एकत्र मिसळलेली. देशांतर्गत पंपाचे दर सरकारने दाबून ठेवले होते, त्यामुळे छोटे शुद्धीकरण कारखाने तोट्यात जाऊन उत्पादन कमी करत होते आणि पंपांवर रांगा लागत होत्या. १२ मेच्या सिचुआन भूकंपानंतर मदतकार्याला डिझेल लागत होते. आणि जगाचे कॅमेरे बीजिंगमध्ये असताना पंपावर रांग दिसू नये म्हणून साठे भरायचा आदेश होता. २० जूनला सरकारने पंपाचे दर एकदम वाढवले, त्याचा उद्देशही हा तुटवडा मोडणे हाच होता.

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे, तो समजला की निम्मा गोंधळ मिटतो. चीनची जी ‘मागणी’ म्हणून सांगितली जाते ती गाड्यांच्या टाकीत मोजलेली नसते. शुद्धीकरणाचे उत्पादन अधिक निव्वळ आयात, इतका तो हिशेब. साठ्यातला बदल वजा करायला हवा, पण साठ्याची पूर्ण आकडेवारी मिळत नाही. त्यामुळे टाकीत ओतून ठेवलेले डिझेलही ‘मागणी’ म्हणून दिसते. २००८ च्या उन्हाळ्यातल्या चिनी मागणीचा एक भाग जळला नव्हताच, टाक्यांत पडून होता. खेळ संपल्यावर, आर्थिक संकट डोक्यावर आलेले असताना, टाक्या भरलेल्या होत्या आणि शरदात तयार इंधनाची आयात जोरात आटली. भाव वर न्यायला ज्या खरेदीने हातभार लावला ती थांबल्यानेच पडत्या भावाला आणखी धक्का बसला.

जळण्याच्या बाजूने तर बीजिंगमध्ये घटच झाली. २० जुलै ते २० सप्टेंबर सम-विषम क्रमांकाचा नियम लागू होता, शहरातल्या सुमारे ३३ लाख गाड्यांपैकी साधारण निम्म्या रोज घरी. प्रदूषण करणारे ट्रक त्याआधीच हटवले होते, आसपासचे अनेक कारखाने आणि बांधकामे बंद. १५ लाख गाड्यांचे रोजचे ३ लिटर पेट्रोल वाचले असे धरले तर दिवसाला २८,००० पिंपे. चीनची तेव्हाची मागणी दिवसाला ८० लाख पिंपांच्या आसपास, म्हणजे ०.३५ टक्के. देशाच्या आकड्यात ही घट पुसट, पण बीजिंगच्या पेट्रोलविक्रीत ठळक.

आणि दर? खेळांच्या आधी तीन दिवस बाकू-तिबिलिसी-जेहान ही दिवसाला सुमारे १० लाख पिंपे क्षमतेची तेलवाहिनी तुर्कस्तानातल्या स्फोटाने बंद पडली. उद्घाटनाच्याच दिवशी जॉर्जियात युद्ध भडकले. तरीही त्या दिवशी अमेरिकी तेल ११५ डॉलरच्या आसपास बंद झाले आणि खेळ संपतानाही तिथेच होते. दहा लाख पिंपांची वाहिनी जे करू शकली नाही ते प्रेक्षकांच्या काही हजार पिंपांकडून अपेक्षित करणे व्यर्थ आहे.

विमान इंधनाकडे वळू, कारण स्पर्धेचा खरा परिणाम शोधायचा तर तो इथेच सापडण्याची शक्यता जास्त. पण इथेही ‘प्रेक्षक आले म्हणून विक्री वाढली’ एवढे सरळ नसते. पॅरिस २०२४ च्या आधी, १ जुलैला, एअर फ्रान्स-केएलएमने जाहीर केले की जून ते ऑगस्टमध्ये १६ ते १८ कोटी युरोंचा महसुली फटका बसेल, कारण परदेशी पर्यटक खेळांच्या काळात पॅरिस टाळत आहेत. उद्घाटनाच्या संध्याकाळी शहराभोवतीच्या १५० किलोमीटर परिघातली हवाई वाहतूक काही तास बंद होती. लंडनमध्येही ऑगस्ट २०१२ ला ब्रिटनमध्ये आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ५ टक्के कमी भरली. खर्च वाढला, माणसे घटली. नेहमीचा पर्यटक गर्दी आणि हॉटेलांचे दर पाहून वाट बदलतो. आधीच गजबजलेल्या शहरात स्पर्धा भरली की ही हकालपट्टी जास्त, कमी पर्यटनाच्या ठिकाणी कमी. निव्वळ परिणामाचे चिन्ह अधिक की उणे, हे बहुतांशी यावरच ठरते.

विमानतळावर अडचण येते ती एकूण प्रमाणाची नव्हे, वेगाची. बाद फेरी सुरू झाली की कोणता संघ कुठे जाणार हे सामना संपल्यावरच कळते. मग २४ ते ७२ तासांत खास विमाने, खासगी जेट, वाढीव फेऱ्या एकाच तळावर येतात. त्या तळाच्या टाक्यांत किती दिवसांचे इंधन मावते, ते वाहिनीने येते की टँकर-ट्रकने, विमानापर्यंत भूमिगत नळ आहे की गाडीने भरायचे, यावर सगळे अवलंबून. वाहिनी असलेला मोठा तळ हे पचवतो. ट्रकवर चालणाऱ्या छोट्या तळाला टाकी तीन-चार दिवसांची असेल तर दोन दिवसांच्या गर्दीने नाकी नऊ येतात. अशा वेळी कंपन्या येतानाच परतीचे इंधन भरून आणतात. त्याची किंमत असते. जादा वाहिलेल्या इंधनातले ताशी साधारण ३ ते ४ टक्के ते वाहण्यातच जळते. पाच तासांच्या उड्डाणात १० टन जादा आणले तर दीड ते दोन टन गेलेच. म्हणून हे तेव्हाच परवडते जेव्हा यजमान तळावर इंधन खरोखर महाग असते किंवा मिळेल याची खात्री नसते. आकडेवारीत मात्र यामुळे फसगत होते: विक्री यजमान शहराऐवजी निघालेल्या शहराच्या खात्यावर पडते.

घरी बसून सामना पाहणाऱ्या कोट्यवधींचे काय? सामन्याच्या दोन तासांत रस्ते ओस पडतात, नंतर गर्दी होते. पेट्रोलचा निव्वळ फरक जवळपास शून्य. विजेत मोठी उसळी येते. ४ जुलै १९९० ला इंग्लंड-पश्चिम जर्मनी उपांत्य सामना संपल्यावर ब्रिटनच्या ग्रिडवर काही मिनिटांत २,८०० मेगावॉटचा भार चढला. पण जगाच्या वीजनिर्मितीत तेलाचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपासच आहे, तेव्हा ही उसळी जलविद्युत आणि गॅसच्या वाट्याला जाते. अपवाद फक्त फर्नेस ऑइल किंवा डिझेलवर वीज करणाऱ्या देशांचा.

बाजारावर एक परिणाम नक्की होतो, पण तो मागणीमार्गे नव्हे. २०१० च्या विश्वचषकातल्या शेअर बाजारांच्या अभ्यासात दिसले की आपल्या देशाचा संघ खेळत असताना तिथले सौद्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली येते. तेलाचा वायदा जगभर चालतो म्हणून तिथे हे इतके तीव्र नसावे, पण युरोपीय दुपारी, सौदे कमी असताना, मोठा सौदा भाव जास्त हलवतो. ज्याला त्या वेळेत मोठे प्रमाण विकायचे आहे त्याने ते तुकड्यांत विकावे, एवढाच व्यवहारी धडा.

आता एखाद्या स्पर्धेचा परिणाम स्वतः मोजायचा असेल तर. पहिले, इंधने वेगळी करा. विमान इंधन, पेट्रोल, डिझेल, डामर यांची कारणे आणि वेळा वेगळ्या. डामर आणि बांधकामाचे डिझेल स्पर्धेच्या दोन ते पाच वर्षे आधी जळते आणि अंतिम वर्षात आटते. स्पर्धेच्या महिन्यात ते शोधणारा माणूस उशिरा पोहोचलेला असतो. दुसरे, तुलना आदल्या वर्षाच्या त्याच महिन्याशी करून थांबू नका. स्पर्धा न भरलेली, हवामान आणि सुट्ट्या सारख्या असलेली दोन-तीन शहरे घ्या आणि फरकातला फरक काढा, म्हणजे यजमान शहरातल्या बदलातून त्या शहरांतला बदल वजा करा. ऑलिम्पिक बहुधा जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर येते, त्यामुळे महिन्याच्या आकड्यात ते दोन तुकडे होऊन विरघळते. दैनंदिन किंवा साप्ताहिक माहिती मिळत नसेल तर उड्डाणांची संख्या आणि अंतर घेऊन इंधन काढणे जास्त विश्वासार्ह.

तिसरे, दर बघताना कच्च्या तेलाचा भाव बाजूला ठेवा. बघायचा तो स्थानिक विमान इंधनाचा डिझेल वायद्याच्या तुलनेतला प्रीमियम, आणि शुद्धीकरणाचा फरक, म्हणजे तयार इंधनाचा भाव वजा कच्च्या तेलाचा. स्पर्धेचा परिणाम असेल तर तो जवळच्या महिन्याच्या वायद्यात दिसेल आणि पुढच्या महिन्याच्या वायद्यात विरेल. दोन्ही महिने एकत्र चढले तर कारण दुसरे आहे. चौथे, साप्ताहिक अमेरिकी आकड्यांतला ‘पुरवलेला माल’ म्हणजे वापर नव्हे. मुख्य साठवणीतून बाहेर पडलेला माल इतकाच त्याचा अर्थ. पंपमालक आणि विमानतळांनी आगाऊ टाक्या भरल्या की ही ‘मागणी’ स्पर्धेच्या काही आठवडे आधी दिसते आणि ऐन स्पर्धेत खड्डा पडतो. २००८ चीच गोष्ट, लहान प्रमाणात.

२०२६ च्या विश्वचषकाच्या रचनेमुळे हा हिशेब थोडा बदलतो. ४८ संघ, १०४ सामने, तीन देशांतली १६ शहरे, ११ जून ते १९ जुलै. व्हँकुव्हर ते मायामी हे अंतरच सुमारे साडेचार हजार किलोमीटर. त्यामुळे देशांतर्गत उड्डाणे हा मोठा घटक. पण हा काळ अमेरिकेच्या उन्हाळी गाडीप्रवासाच्या हंगामात, ४ जुलैच्या सुट्टीसह येतो, आणि तिथे पेट्रोलच दिवसाला ९० लाख पिंपांच्या घरात लागते. ४ जुलैचा आठवडा तुलनेतून वगळला नाही तर स्पर्धेच्या नावावर सुट्टीची मागणी जमा होईल.

खरी नजर ठेवावी ती लॉस एंजेलिस २०२८ वर, १४ ते ३० जुलै. कॅलिफोर्नियात पेट्रोलचे मिश्रण बाकी राज्यांपेक्षा वेगळे आहे, आखाती किनाऱ्यावरच्या शुद्धीकरण केंद्रांना जोडणारी वाहिनी नाही, आणि बाहेरून माल मागवला तर समुद्रमार्गे यायला काही आठवडे लागतात. त्यात फिलिप्स ६६ या तेल कंपनीने लॉस एंजेलिसमधला दिवसाला सुमारे १,३९,००० पिंपांचा कारखाना आणि व्हॅलेरो कंपनीने याच राज्यातल्या बेनिशियातला सुमारे १,४५,००० पिंपांचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. राज्याची पेट्रोलची गरज दिवसाला साडेआठ लाख पिंपांच्या आसपास. अशा तोकड्या बाजारात दोन आठवड्यांची काही हजार पिंपांची जादा मागणी एकटी काही करणार नाही. पण त्याच काळात उरलेला एखादा कारखाना अचानक बंद पडला आणि बदली जहाज तीन आठवडे दूर असले, तर पंपावरचा दर उडी मारेल, आणि दोष ऑलिम्पिकला दिला जाईल. १९८४ च्या खेळांत याच शहरात भाकीत केलेली वाहतूककोंडी झाली नव्हती. ट्रकच्या फेऱ्या रात्रीकडे वळवल्या, कार्यालयांच्या वेळा बदलल्या आणि रस्ते नेहमीपेक्षा मोकळे राहिले. म्हणून पेट्रोलपेक्षा तिथल्या विमान इंधनाच्या आयातीकडे आणि कारखान्यांच्या देखभालीच्या तारखांकडे मे २०२८ पासून बघत राहणे जास्त उपयोगाचे.